सशाचं लाकडी घर: ४ स्टार
ऑनलाइन मागवलं, प्लायचं, दोन दारांचं, आणि दोन दारं हाच खरा पॉइंट कारण ससा म्हणजे दुसऱ्याची शिकार होणारा प्राणी, एकच दार असलं की आत कोंडल्यासारखं होतं त्याला. दिवाळीत फटाके वाजले की आमचा आधी मागचे पाय आपटायचा, मग थिजायचा नाहीतर सैरावैरा पळायचा, आता सरळ आत घुसतो. तिथून ओढून काढू नका हां, घाबरून लाथा झाडताना सशाचा कणासुद्धा मोडू शकतो! पॉलिशचा वास मात्र बेकार, घर आधी गॅलरीत ठेवावं लागलं. आणि घर आहे म्हणून निवांत राहू नका, भीतीने खाणं नि लेंड्या बंद झाल्या तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या, पोट थांबलं की जिवावर बेततं. किंमत जरा जास्तच.