स्वस्तात एचपी वाढवून देतो म्हणणाऱ्याची डायनो शीट आधी नीट वाचा

सिक्स सिलिंडर गाडी हातात आली की थोड्याच दिवसांत डोक्यात किडा वळवळायला लागतो, इंजिन एवढं मोठं आहे तर अजून थोडी पॉवर सहज निघत असणार, फक्त कुणीतरी जाणकार भेटला पाहिजे. असले जाणकार पैशाला पासरी भेटतात. माझी गाडी व्ही सिक्स (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, रांगेला बँक म्हणतात), तीन लिटर, टर्बो नाही, इंजिन आडवं बसवलेलं, म्हणजे एक बँक पुढे आणि एक मागे. हे आधीच सांगून ठेवतो कारण मला जे गंडवलं त्यातला एक अख्खा अंक या आडव्या इंजिनावरच आहे.

एका ट्यूनरचं पॅकेज असं होतं की ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) रिमॅप, म्हणजे त्यातली सेटिंग बदलणं, सहाही स्पार्क प्लग नवीन, मागच्या बँकचे प्लग काढायला इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) उचलावा लागतो म्हणून त्याचं गॅस्केट आणि मजुरी वेगळी, आणि काम करायच्या आधी एक आणि नंतर एक असे डायनो रन, म्हणजे गाडी रोलरवर पळवून पॉवर मोजणं. टर्बो बसवण्याच्या मानाने फारच स्वस्त, वर छापील पुरावा हातात. माणूसही भोंदू वाटला नाही हो. उलट इलेक्ट्रिक सुपरचार्जर म्हणून जे पंखे विकतात त्यांची त्यानेच माझ्यासमोर पिसं काढली. आणि त्यात चूक काहीच नव्हतं, तीन लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ९००० लिटर हवा ओढतं, तेवढ्या हवेवर थोडंसं जरी बूस्ट, म्हणजे जादा दाब, चढवायचं म्हटलं तरी काही किलोवॅट लागतात, तिथे बारा व्होल्टवरचा शे-दीडशे वॅटचा पंखा काय दिवे लावणार, उलट हवेची वाट अडवून बसतो. मर्सिडीजने एम२५६ या इनलाइन सिक्समध्ये इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला तर त्यासाठी ४८ व्होल्टची सिस्टिम घातली, हौस म्हणून नाही. तर असं सगळं नीट समजावून सांगणारा माणूस आपल्याच खिशात हात घालेल असं कुणाला वाटेल? त्याचा धंदा त्याच विश्वासावर चालतो.

गाडी परत मिळाली तेव्हा फरक होता, खोटं कशाला बोलू. ऍक्सिलरेटरला पाय लागला न लागला की गाडी उसळी मारायची. "बघा दादा, म्हटलं नव्हतं?" असं म्हणत त्याने शीट हातात दिली, चाकांवर आधी १७८ एचपी, नंतर १९२. मीही खूश.

पण पेडल जमिनीला टेकवल्यावर मात्र गाडी अगदी होती तशीच. सुरुवातीची उसळी जबरदस्त, आणि वर जाऊन ओव्हरटेकला सगळा जोर मागितला की तोच जुना खेच. मग एका रात्री दोन्ही शीट शेजारी शेजारी ठेवून ग्राफ सोडून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. आधीच्या रनवर करेक्शन एसएई, नंतरच्यावर एसटीडी, ही आकडा दुरुस्त करायची दोन वेगळी स्टँडर्ड. डायनो जो आकडा दाखवतो तो हवेचं तापमान आणि दाब धरून दुरुस्त केलेला असतो, आणि त्याच गाडीचा त्याच रनचा आकडा एसटीडीमध्ये एसएईपेक्षा साधारण ४ टक्के जास्त येतो, म्हणजे १७८ चे १८५ तर नुसतं मेनूतला पर्याय बदलूनच झाले. पुढे तापमान बघितलं, आधी २७ डिग्री, नंतर ४१. एकाच शेडमध्ये, एकाच दुपारी! सेन्सर गरम इंजिनाजवळ ठेवला की सॉफ्टवेअरला वाटतं बिचारी गाडी तापलेल्या हवेत पळतेय, मग ते भरपाई म्हणून आकडा वर ढकलतं, दहा डिग्रीला साधारण २ टक्के. झाले १९०. उरलेले दोन कुठून आले तर स्मूदिंग, आधी ५ वर होतं, नंतर ० वर, म्हणजे ग्राफचे बारीक काटे घासले गेले नाहीत आणि सगळ्यात उंच काटाच पीक पॉवर म्हणून छापला गेला. इंजिनाला बोट न लावता १४ एचपी, मानलं पाहिजे.

तरी म्हटलं रिमॅप तर केला असेल. ओबीडी पोर्टला (गाडी तपासायच्या सॉकेटला) लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि सीव्हीएन काढला. ईसीयूमधल्या कॅलिब्रेशनवरून निघणारा हा तपासणी क्रमांक असतो, फाईल बदलली की एरवी तोही बदलतो. गाडी घेतानाच्या तपासणीचा रिपोर्ट जपून ठेवला होता, त्यातला सीव्हीएन आणि हा, तंतोतंत एकच. काही ट्यूनर मुद्दाम जुना क्रमांक दाखवायची सोय करतात म्हणून शंका नको, दुसऱ्या एका ट्यूनरकडून अख्खी फाईल वाचून ओरिजिनलशी ताडून घेतली. एक बाइट इकडची तिकडे नाही.

मग उसळी कसली? ती सापडली पेडलच्या मागे. डॅशखाली डोकं घालून टॉर्च मारला तर पेडल सेन्सरच्या कनेक्टरमध्ये काडेपेटीएवढा काळा डबा, वर कापडी टेप गुंडाळून मूळच्या वायरिंगचा भाग वाटेल असा बसवलेला. पेडल बूस्टर. हा इंजिनाला काहीच करत नाही, पायाने २५ टक्के दाबलं की ईसीयूला ५०-६० टक्के दाबलं म्हणून सांगतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून बघितला, पेडल पाव दाबलं की आकडा निम्म्याच्या वर. पूर्ण दाबल्यावर १०० म्हणजे १००, त्याच्या पुढे कुठलाच डबा जाऊ शकत नाही. ही वस्तू उघड विकली तर काही हरकत नाही, लोकांना आवडते सुद्धा, पण रिमॅपच्या भावात आणि रिमॅपच्या नावाने नाही ना.

आता प्लग. काही महिन्यांनी चेक इंजिनचा दिवा, मिसफायर (एका सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), कोडवरून सिलिंडर मागच्या बँकचा निघाला. दुसऱ्या मेकॅनिकने मॅनिफोल्ड खोलायला घेतला आणि मला हाक मारली, म्हणाला हे बघून घ्या आधी. बोल्टच्या डोक्यावर फॅक्टरीत मारलेली पिवळ्या रंगाची रेघ, बोल्टवरून खालच्या धातूपर्यंत अखंड. एकदा जरी पाना लागला असता तरी ती रेघ तुटली असती. खालचं गॅस्केट मूळचं, दाबून सपाट झालेलं. मागचे तिन्ही प्लग जुनेच, इलेक्ट्रोड झिजून गोल, गॅप डोळ्यांनी दिसण्याइतका वाढलेला. पुढचे तीन मात्र नवे कोरे, कारण ते बॉनेट उघडलं की कुणालाही दिसतात. बिलात सहा प्लग, गॅस्केट, मजुरी सगळं लावलेलं. आडव्या व्ही सिक्समध्ये हा प्रकार फार चालतो असं तो मेकॅनिक म्हणाला, मागची बँक फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) दडलेली, बघायला जातंय कोण.

गंमत म्हणजे ते तीन प्लग बदलल्यावर वरच्या आरपीएमला जो खेच आला तो त्या सगळ्या पॅकेजने आला नव्हता. जुन्या सिक्स सिलिंडरमध्ये हरवलेली पॉवर परत मिळवणं हेच सगळ्यात स्वस्त असतं, कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, व्हॅक्यूम लीक शोधा, एअर फिल्टर, एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) त्याच्याच स्प्रेने साफ करा, कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोक झालाय का बघा (काढून टाकू नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे). आणि वजन. १५०० किलोच्या २०० एचपी गाडीतून ७५ किलो कमी केले तर पिकअपला साधारण दहा एचपी वाढल्याचा फरक पडतो, डिकी रिकामी करायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. रिमॅप वाईट असं मी म्हणत नाही, टर्बो सिक्सला बूस्ट वाढवता येतं म्हणून तिथे चांगली पॉवर मिळते, बिनटर्बोला हाती थोडंच लागतं आणि कुणी त्यात मोठा आकडा सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा.

तरीही करायचंच असेल तर दोन्ही रन तुमच्यासमोर, एकाच गिअरमध्ये, एकच करेक्शन आणि एकच स्मूदिंग ठेवून, शिवाय बिनकरेक्शनचा आकडाही छापून मागा. सीव्हीएनचा स्क्रीनशॉट गाडी द्यायच्या आधी काढा. काढलेले जुने प्लग सहाच्या सहा परत मागा, टाकून दिले म्हणाला तर पैसे देऊ नका.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा आधी म्हणाला ईसीयू आपोआप जुन्या सेटिंगला गेला असेल, जे होतच नाही. मग शीट दाखवल्या तर म्हणाला पोराने चुकून सेटिंग बदललं. बोल्टचे फोटो दाखवल्यावर प्लगचे तेवढे पैसे दिले, बाकीच्यासाठी "दादा, स्टेज टू निम्म्यात करून देतो" अशी ऑफर, म्हणजे ट्यूनिंगची पुढची पायरी. आता फोन उचलत नाही. कुणाला त्या दोन शीट बघायच्या असतील तर सांगा, गाडीचा नंबर झाकून टाकतो.