तिथी, भरती आणि भिंतीवरची यादी : मालवणच्या होमस्टेचा अकरा महिन्यांचा अनुभव

मालवण-तारकर्ली पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक होमस्टेत 'काय बघाल' असा एक कागद मिळतो आणि त्यावर तीच पाच नावं असतात : किल्ला, स्कूबा, त्सुनामी बेट, रॉक गार्डन, डॉल्फिन. या होमस्टेच्या यजमानांनी जेवणघराच्या भिंतीवर लावलेली यादी मात्र तिथ्यांवर बेतलेली आहे. तिला तीन रकाने आहेत : काय, कधी आणि 'कधी जाऊ नये'. नारळी पौर्णिमेपासून पुढच्या आषाढापर्यंत, निरनिराळ्या मुक्कामांत ही यादी वापरून झाली. तिच्यातली कुठली ओळ पक्की, कुठली अर्धवट आणि कुठे यजमानांचा स्वतःचा धंदा डोकावतो, एवढंच इथे लिहायचं आहे. खोल्या स्वच्छ आहेत, सोलकढी उत्तम आहे, त्यापलीकडे त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

तिथीचा रकाना आधी कटकटीचा वाटतो, कारण रजा इंग्रजी तारखेने मिळते. पण सिंधुदुर्गात तारखेने काहीच होत नाही. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरवरून २४ नोव्हेंबरवर गेली. 'गेल्या वर्षी पहिल्या आठवड्यात जत्रा होती' या भरवशावर तिकीट काढणारा मंडपाचे बांबू बघून परत जातो. तेव्हा यादी हातात आली की पहिलं काम म्हणजे त्या वर्षाचं पंचांग घेऊन प्रत्येक ओळीसमोर तारीख लिहिणं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून तारखेतून ६० वजा करून तो दिवसही तिथेच लिहून ठेवावा. गणपतीच्या गाड्या आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत भरतात.

यादीतली सर्वांत कामाची ओळ मात्र तळाशी, बारीक अक्षरात आहे : 'तिथीची पाऊणपट म्हणजे भरती.' किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी तीच, आणि अमावास्या पंधरा धरायची. पूर्ण ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण फिरायचा बेत आखायला तेवढी अचूकता पुरते. होडीवाल्यांना मात्र विचारावंच लागतं.

हा हिशोब घेऊन बसलं की नेहमीच्या पाच नावांपैकी दोन जागच्या जागी बसतात. देवबागचं 'त्सुनामी बेट' म्हणजे कर्ली नदीच्या मुखातला वाळूचा पट्टा. भरतीला तो पाण्याखाली जातो. सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी हवी तर चतुर्थी-पंचमी गाठावी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी अकराला तिथे नेलं तर गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढण्यापलीकडे काही हाती लागत नाही, आणि पैसे तेवढेच जातात. रॉक गार्डनचं उलटं. तिथे खडकांतली डबकी, त्यातले खेकडे आणि छोटे मासे उघडे पडतात ते उधाणाच्या दिवसांतल्या ओहोटीला. पौर्णिमा-अमावास्येला ही ओहोटी साडेपाचच्या आसपास येते, म्हणजे नेमकी सूर्यास्ताआधी. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाणी फारसं उतरत नाही. तेव्हा तिथे नुसते दगड आणि भेळवाले. खडकांवर शेवाळ असतं, रबरी चपला घालून गेलात तर घसरणं ठरलेलं. मागे पट्टा असलेल्या सॅंडल हव्यात.

आता जत्रा. यासाठीच ही यादी इतर कागदांपेक्षा दहा पावलं पुढे आहे. त्रिपुरी पौर्णिमा झाली की जिल्ह्यात एकेका गावच्या देवळाची जत्रा सुरू होते आणि पुढचे काही महिने रोज रात्री कुठे ना कुठे दशावतारी नाटक असतं. यजमानांनी आठ-दहा गावांच्या जत्रा तिथीसकट लिहिल्या आहेत आणि मोठ्या नावांऐवजी लहान वाड्यांच्या जत्रांना खूण केली आहे. ही निवड अगदी बरोबर. सावंतवाडी तालुक्यात त्रिपुरीच्या दुसऱ्या दिवशी होणारी सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा एकदा बघावीच, पण तिथे गर्दीत नाटक डोळे भरून बघणं कठीण. नाटकासाठी दोनशे माणसांची जत्रा बरी.

यादीत वेळ लिहिली आहे 'रात्री १० नंतर'. ती दुरुस्त करून घ्यावी. दहाला आरत्या आणि पालखी चालू असते. देवळाभोवती पालखीच्या प्रदक्षिणा झाल्याशिवाय रंगभूमीवर कोणी चढत नाही, आणि ते व्हायला बारा वाजतात, कधी एक. आधी आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग : गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग काळा संकासुर, जो प्रेक्षकांशी मालवणीत थेट चेष्टा करतो. त्यानंतर आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. लिखित संहिता नसते, कथेचा सांगाडा ठरलेला आणि संवाद जागच्या जागी. म्हणून तीच मंडळी तेच आख्यान दोन गावांत करते तेव्हा दोन्ही रात्री वेगळ्या जातात. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, आणि सिंहासन म्हणजे एक बाकडा. पहाटे नाटक संपल्यावर दहीकाला, मालवणीत 'धयकालो', तिथे हंडी फुटते. ज्यांना पूर्ण रात्र जागायची नाही त्यांनी संकासुर बघून दोनला परतायची चूक करू नये. आख्यानातला सगळ्यांत चढा भाग तीन ते पाचमध्ये येतो. रात्री आठ ते साडेअकरा झोपून मग निघणं हा यजमानांचा तोंडी सल्ला आहे. तो कागदावर का नाही, कळत नाही.

सोबत काय न्यावं हेही यादीत नाही. बसायला चटई किंवा जाड चादर, डिसेंबर-जानेवारीत कानटोपी (समुद्रापासून दहा किलोमीटर आत गेलं की पहाटे चांगली थंडी वाजते), बॅटरी, सुटे पैसे. खाजं जत्रेतच घ्यावं. आल्याचा वास आला आणि गुळाचं कवच बोटाला चिकटलं नाही तर ताजं. परतीला एस.टी. नसते, रिक्षा आधी ठरवून ठेवावी आणि तिला थांबायला सांगावं. दुपारी यजमान गावातल्या कोणाला तरी फोन करून 'मंडळी कुठली?' विचारतात. हा फोन अवश्य करवून घ्यावा, कारण कुठलं दशावतार मंडळ उभं राहणार यावर अर्धी रात्र अवलंबून असते.

आंगणेवाडीची ओळ मात्र सपशेल चुकीची आहे. यादीत नुसतं 'फेब्रुवारी' लिहिलंय. मसुऱ्याच्या आंगणेवाडीतल्या भराडी देवीची जत्रा ना तारखेने होते ना तिथीने. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि मग जाहीर होतो. २०२३ साली ती ४ फेब्रुवारीला झाली, २०२४ साली २ मार्चला, २०२५ साली २२ फेब्रुवारीला. म्हणजे 'फेब्रुवारी' धरून गेलेला माणूस २०२४ मध्ये रिकाम्या भरडावर पोचला असता. दिवस जाहीर झाला की होमस्टे, गाड्या सगळं एका दिवसात भरतं, म्हणून यजमानांना आधीच सांगून ठेवावं की तारीख कळताच खोली धरा. ते धरतात, आगाऊ रक्कम घेतात, इथपर्यंत तक्रार नाही. दर्शनाची रांग पहाटेपासून सुरू होते. रात्री आंगणे कुटुंबांतल्या स्त्रियांनी मौन पाळून रांधलेला प्रसाद देवळात येतो तेव्हा काही वेळ दर्शन थांबतं. त्याच वेळी रांगेत उभं राहिलं तर तासन् तास हलत नाही. गर्दी सोसत नसेल तर दुसऱ्या दिवशीची मोडजत्रा गाठावी. स्वतःची गाडी नेण्यापेक्षा मालवण-कणकवलीहून सुटणाऱ्या जादा एस.टी. बऱ्या, पार्किंगपासून चालावंच लागतं आणि निघताना गाडी बाहेर काढणं हीच खरी यात्रा होते.

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर, रामनवमीला आचऱ्याच्या रामेश्वराकडची गाण्याची बैठक, होळीनंतर कुडाळजवळच्या नेरूरचं रोंबाट, म्हणजे शिमग्याची मिरवणूक : या ओळी ठीक आहेत, फक्त शिमग्याचे दिवस गावागणिक वेगळे, ते विचारूनच जावं.

पाण्यावरच्या गोष्टींत यजमानांचा हात थोडा सैल आहे. 'स्कूबा : ऑक्टोबर ते मे' असं लिहिलंय. कायदेशीर अर्थाने खरं, पण पैसे देणाऱ्याच्या दृष्टीने नाही. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ ऑक्टोबरात खाली बसलेला नसतो, पाणी गढूळ दिसतं. डिसेंबर ते फेब्रुवारी स्वच्छ, त्यातही सकाळी, कारण दुपारनंतर वारा चढतो आणि होडी डुलायला लागते. ज्यांना होडी लागते त्यांनी तळलेली न्याहारी टाळून निदान दोन तास आधी थोडं खावं. सर्दी असेल तर कानातला दाब उतरत नाही, त्या दिवशी पाण्यात उतरूच नये. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चिपीहून विमान असेल तर डुबकी आणि उड्डाण यांत निदान बारा तास ठेवावेत. हे कोणी आपणहून सांगत नाही. यजमान ज्या होडीवाल्याकडे पाठवतात तो नात्यातला आहे, हे ते लपवत नाहीत, पण दर जेटीवर विचारून घ्यावा.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, सप्टेंबरात सुरू होतात. होडी दहा-पंधरा मिनिटांत पोचवते आणि सहसा तासाभरात परत बोलावते. ४८ एकरांच्या किल्ल्याला तास पुरत नाही. १६६४ साली कुरटे बेटावर सुरू झालेलं हे काम तटावरून फिरल्याशिवाय कळत नाही. शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि पश्चिमेकडचा तट एवढं बघायला दोन तास धरावेत. चढतानाच 'पुढच्या होडीने येऊ' असं ठरवून घेतलं तर वाद होत नाही. पहिली होडी गाठावी, दहानंतर तटावर सावली नाही.

नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर सोन्याचा नारळ समुद्राला देतात, आणि नारळ लढवायच्या स्पर्धा होतात, बायकांच्यासुद्धा. यादीत ही ओळ वर आहे ती योग्यच. संध्याकाळी चारपर्यंत बंदरावर जागा धरावी, छत्री सोडून रेनकोट न्यावा. छत्रीमुळे मागचे ओरडतात. त्यानंतर किनाऱ्यावर रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी, दिसू लागतात. 'चिवल्याला (मालवणच्या चिवला किनाऱ्यावर) सकाळी रापण' ही ओळ मात्र फसवी : रापण मासळीची चाहूल लागली की टाकतात, घड्याळ बघून नाही. सलग तीन सकाळी गेलं तर एकदा दिसते. दिसली की नुसतं उभं न राहता दोर ओढायला हात लावावा. कोणी नको म्हणत नाही.

गणपतीचे दिवस यजमानांनी 'कधी जाऊ नये' या रकान्यात टाकलेत आणि तो प्रामाणिकपणा मानला पाहिजे. घरात गणपती असेपर्यंत मासे नाहीत, यजमानीण सकाळपासून स्वयंपाकात, खोल्यांत मुंबईची भावंडं. ज्याला वाडीवाडीतली रात्रीची भजनं ऐकायची आहेत आणि त्यानंतरची उसळ खायची आहे, त्याने मात्र मालवण शहरात लॉजवर उतरून संध्याकाळी यावं.

आंब्याची ओळ : 'एप्रिल-मे, बागेतून'. पेटी झाडावरच पिकलेली मागू नये. जास्त पिकलेल्या आणि उन्हात तापलेल्या फळात साका पडण्याचा, म्हणजे आतला गर पांढरट आणि आंबट होण्याचा, धोका वाढतो. तयार पण कच्चा हापूस घ्यावा आणि घरी गवतात आढी घालावी, आठ-दहा दिवसांत पिकतो. ओले काजूगर याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चपासून. त्यासाठी वेगळी ओळ हवी होती, कारण त्यांची उसळ शहरात मिळत नाही.

पावसाळ्याचा भाग सर्वांत आखूड आहे : 'आंबोली, शनिवार-रविवार नको.' खरं आहे, पण मालवणहून आंबोली अडीच तास, पावसात तीन. त्यापेक्षा कणकवलीजवळचा सावडावचा धबधबा जवळ पडतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे माणसं बोटावर मोजण्याइतकी. आंबोलीला मुक्कामच करावा, कारण तिथलं खरं बघण्यासारखं अंधार पडल्यावर असतं : जून-जुलैत पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर उडते बेडूक फेसाची घरटी बांधतात. बॅटरीचा झोत थेट त्यांच्यावर रोखू नये आणि बुटांवर मीठ चोळावं, जळवांसाठी. याच काळात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून ताटात सुरमई आली तर ती बर्फातली समजावी आणि त्याऐवजी कुर्ल्या, टाकळा, फोडशी मागावी. यजमानीण करून देते, फक्त आदल्या रात्री सांगावं लागतं. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. यादीच्या कोपऱ्यात लिहिलेल्या कुडाळच्या गाड्यांच्या वेळा हिवाळ्यातल्या आहेत, त्या धरून स्टेशनवर जाऊ नये.