आर्च की डेबियन: एका पेन ड्राइव्हनं दिलेला कौल

मिंट किंवा उबंटू या सोप्या लिनक्स सिस्टिमवर वर्ष-दोन वर्षं काढली की आतलं यंत्र उघडून बघायची ओढ लागते, आणि मग आर्च घ्यावं की डेबियन (ही दोन्हीही लिनक्सचीच रूपं) हा प्रश्न पडतो. मी दोन्ही रोजच्या कामाला वापरलंय. आधी साधारण तीन वर्षं आर्च, नंतर डेबियन. लॅपटॉप तोच, आठ जीबी रॅमचा. त्यामुळे पुढे लिहितोय ते मोजमाप नव्हे, वापरताना आलेला अनुभव आहे.

आर्चबद्दल आधी, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं. इन्स्टॉलेशनसाठी तयार स्क्रिप्ट २०२१ पासून आयएसओतच (इन्स्टॉलेशनच्या डिस्क-फाइलमध्येच) असते, पण पहिल्या वेळी तरी ती वापरू नका. डिस्कची पार्टिशनं करणं, ती माउंट करणं, बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवणं हे एकदा हातानं केलं की पुढे मशीन चालू झालं नाही तरी धीर सुटत नाही. कुठे बघायचं ते ठाऊक असतं. मला त्यात एक अख्खा रविवार गेला. संध्याकाळी ब्राउझर उघडला तर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन, कारण देवनागरी फॉन्ट मी बसवलाच नव्हता. नोटो फॉन्ट टाकले आणि अक्षरं उमटली. ती का उमटली ते शोधताना कळलं की कुठला फॉन्ट घ्यायचा हे फॉन्टकॉन्फिग ठरवतं आणि जोडाक्षरांची घडण हार्फबझ करतं. डेबियनमध्ये इन्स्टॉलरलाच भाषा मराठी सांगता येते आणि डेस्कटॉप सुरू होतो तोच वाचता येईल असा. सोय मोठी आहे, पण हा धडा मला तिथे मिळाला नसता.

एयूआर, म्हणजे आर्च यूजर रिपॉझिटरी, हेही तसंच. पॅकेज (बसवायचं सॉफ्टवेअर) बांधायच्या, वापरकर्त्यांनी लिहिलेल्या कृती तिथे असतात. सोर्स (मूळ कोड) कुठून आणायचा, कसा कंपाइल करायचा (त्यातून चालणारा प्रोग्रॅम कसा बनवायचा), फाइली कुठे ठेवायच्या, एवढंच सांगणारी छोटी शेल स्क्रिप्ट. दहा-बारा नीट वाचल्या की अकरावी-बारावीतला मुलगाही स्वतःची लिहू शकेल. (वाचल्याशिवाय कुठलीच चालवू नका, ती कोणीही लिहिलेली असू शकते.) डेबियनचं पॅकेज बांधायला कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग अशा बऱ्याच फाइली लागतात आणि मला ते आजही जड जातं. निव्वळ खटपटीचा आनंद हवा असेल तर आर्च पुढे आहे, यात मला शंका नाही.

मग मी ते रोजच्या कामातून का सोडलं? लोक सांगतात तसं अपडेटनंतर मशीन बसलं म्हणून नाही. तीन वर्षांत तसं माझ्याकडे एकदाही झालं नाही. कारण दिसायला अगदी किरकोळ आहे.

आर्चमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला की जुन्या कर्नलचे मॉड्यूल (लागतील तसे जोडले जाणारे त्याचे भाग) डिस्कवरून काढले जातात. चालू असलेला कर्नल मात्र रीबूट करेपर्यंत जुनाच असतो. जे मॉड्यूल आधीच मेमरीत आहेत ते चालत राहतात, ज्यांची गरज अजून पडलेली नाही ते आता सापडतच नाहीत. एके सकाळी मी अपडेट केलं आणि एयूआरमधलं एक मोठं पॅकेज कंपाइल करायला लावलं. दोन तास झाले असतील, तेवढ्यात भाची पेन ड्राइव्ह घेऊन आली. “मामा, यात फॉर्मची पीडीएफ टाकून दे, झेरॉक्सवाला दुकान बंद करतोय.” पेन ड्राइव्ह लावला, काही दिसेना. यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूलच जागेवर नव्हतं. रीबूट करावं तर कंपाइल वाया, न करावं तर पोरीचा फॉर्म राहतो. मी रीबूट केलं.

हे एकदाच घडतं तर विसरलो असतो. पण कधी पेन ड्राइव्ह, कधी व्हीपीएन, असं दर महिन्याला काहीतरी अडायला लागलं. यावर उपाय आहे. रीबूट होईपर्यंत जुने मॉड्यूल जपून ठेवणारं पॅकेज मिळतं, मी ते वापरलंही. तरीही एक गोष्ट मनातून गेली नाही. अपडेट करावं की नको याचा विचार मला रोज करावा लागत होता, आणि बरेच दिवस न करणं हाही आर्चवर चांगला पर्याय नाही.

डेबियनमध्ये नवा कर्नल सहसा वेगळं पॅकेज म्हणून येतो आणि जुना, त्याच्या मॉड्यूलसकट, शेजारी राहतो. सुरक्षेचे अपडेट कामाच्या मधेच घेतो आणि पुढचं काम करतो. नव्या कर्नलनं कुरबुर केलीच तर बूट मेनूतून जुना निवडता येतो.

मोबदल्यात जुनी पॅकेजं घ्यावी लागतात, हे खरं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ कर्नल आहे आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, बहुतेक गोष्टी त्याच आकड्यांवर राहतील. मला हे फक्त एडिटर आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत जाणवलं. पहिला बॅकपोर्ट्समधून (डेबियनच्या चालू आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजं) घेतला, दुसरं फ्लॅटपॅकनं (कुठल्याही लिनक्सवर चालणारं स्वतंत्र पॅकेज). अगदी नवा लॅपटॉप किंवा नवं ग्राफिक्स कार्ड असेल तर माझा अनुभव कदाचित तुम्हाला लागू होणार नाही. तिथे आर्चचा ताजा कर्नलच बरा.

घरातला एकुलता एक लॅपटॉप असेल, त्यावर इतरांचीही कामं होत असतील, तर मी डेबियन सुचवेन. आर्च मी पूर्ण सोडलेलं नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये एक वेगळी एसएसडी आहे, त्यावर ते आहे आणि रविवारची दुपार बहुधा तिथेच जाते. तुम्ही आर्चच ठरवलंत तर अपडेट रात्री, मशीन बंद करायच्या आधी करा. माझ्या तीन वर्षांतले शेवटचे काही महिने तरी त्यामुळे शांततेत गेले.