जबड्यात पायाचं हाड – नाशिकच्या मुंबई नाक्याकडचं हॉस्पिटल, ४ स्टार (पाचवा बिलिंगवाल्यांनी खाल्ला)
अण्णांना तंबाखूने जबड्याचा कॅन्सर झाला, डावीकडचं हाड काढावंच लागणार होतं आणि तिथे पायातलं फिब्युला (गुडघ्याखालचं बारीक हाड) बसवणार म्हटल्यावर आई म्हणाली, आता धडधाकट पायही कापताय का. सर्जननी कागदावर पाय काढून दाखवला, अंगाचं वजन जवळपास सगळं टिबियावर (शेजारचं जाड नडगीचं हाड), फिब्युलाचा मधला भाग गेला तरी माणूस चालतो, फक्त घोट्याजवळचं नि गुडघ्याजवळचं थोडं ठेवतात. नुसतं हाड कापून बसवलं तर ते मेलेलंच, त्यात पुढे रेडिएशन असेल तर विचारूच नका, म्हणून हाड त्याच्या रक्तवाहिन्या आणि कातडीच्या तुकड्यासकट उचलायचं आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली शिवायचं. दोन-तीन मिमीची नळी, दोरा केसाहून बारीक. साडेनऊ तास लागले. (जबड्यासाठी हे १९८९ पासून करतात बरं का, मला वाटलेलं आमच्यावरच प्रयोग चाललाय.)

स्टार द्यायचेच तर आयसीयूतल्या नाइटच्या सिस्टरना. दर तासाला टॉर्च मारून तोंडातली ती कातडी बघायची, बोटाने दाबायची, डॉपलर (रक्त वाहतंय का ते ऐकवणारं यंत्र) लावायचा, फुस्स फुस्स आवाज आला की मगच पुढे. दुसऱ्या रात्री पावणेतीनला आवाज नीट येत होता पण कातडी जांभळट दिसली, सुई टोचली तर काळपट रक्त भसकन आलं. दुसरी कोणी असती तर आवाज येतोय म्हणून सोडून दिलं असतं. हिने लगेच फोन केला, अर्ध्या तासात सर्जन हजर, अण्णा परत ऑपरेशन थिएटरमध्ये. रक्त आत जात होतं पण बाहेर आणणाऱ्या शिरेत गुठळी, ती काढून पुन्हा जोडली. सकाळी कातडी गुलाबी!

आता बिलिंग. एस्टिमेटमध्ये हाड धरून ठेवणारी टायटॅनियमची प्लेट धरलीच नव्हती, तिचं बिल शेवटच्या दिवशी हातात दिलं. डिस्चार्ज दहाला म्हणाले, निघालो पाचला. नातेवाइकांच्या हॉलमध्ये डास, पार्किंग नावालाच, रिक्षाने जा.

अण्णा सातव्या दिवशी वॉकर घेऊन कॉरिडॉरमध्ये फिरले, आता मऊ वरणभात खातात, दातांचं नंतर बघू म्हणालेत. तंबाखूची डबी आईने गोदावरीत टाकली म्हणते, मला काल ती देवघरामागे सापडली.