गुठळी काढल्यानंतर २४ तासांनी वर्तवलेला अंदाज: एमआर प्रेडिक्ट्स@२४एच कितपत भरवशाचे?

थ्रोम्बेक्टॉमी, म्हणजे पक्षाघातात मेंदूच्या वाहिनीतली गुठळी काढण्याची प्रक्रिया, पार पडते, मेंदूची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी होते, पण रुग्ण स्वतःच्या पायावर उभा राहील की नाही, हे त्या वेळी कळत नाही. वाहिनी उघडूनही कित्येक जण परावलंबी राहतात. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी भरायचे एमआर प्रेडिक्ट्स@२४एच हे वेब कॅल्क्युलेटर महत्त्वाचे वाटते. उपचारापूर्वीच्या अंदाजासाठी मूळचे एमआर प्रेडिक्ट्स वेगळे आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

यात नऊ गोष्टी भराव्या लागतात: वय, पक्षाघातापूर्वीचा रँकिन गुण (परावलंबन मोजणारा, ० म्हणजे लक्षणे नाहीत, ६ म्हणजे मृत्यू), मधुमेह, दाखल होतानाचा एनआयएचएसएस (पक्षाघाताची तीव्रता मोजणारा गुण), गुठळीची जागा, पर्यायी रक्तपुरवठ्याचा (कोलॅटरल) गुण, वाहिनी किती उघडली त्याची श्रेणी, २४ तासांनंतरचा एनआयएचएसएस आणि लक्षणे बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव. उत्तरादाखल ९० दिवसांनी रुग्ण स्वावलंबी असण्याची, म्हणजे रँकिन ० ते २ असण्याची, आणि जिवंत असण्याची शक्यता मिळते.

पाया भक्कम आहे. हर्मिस या एकत्रित चाचण्यांमधल्या, गुठळी काढलेल्या ६३३ रुग्णांवर मॉडेल बेतले आणि नेदरलँड्समधल्या एमआर क्लीन नोंदवहीतल्या ३,२६० रुग्णांवर पडताळले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. स्वावलंबनासाठी सी-स्टॅटिस्टिक, म्हणजे क्रम बरोबर लावण्याचे माप, ०.९१ आला. म्हणजे एक स्वावलंबी झालेला आणि एक न झालेला अशी जोडी घेतली, तर १०० पैकी साधारण ९१ वेळा मॉडेल पहिल्याला जास्त शक्यता देते. जगण्यासाठी हाच आकडा ०.८९. म्हणजे क्रम लावण्याची क्षमता चांगली आहे.

मात्र क्रम बरोबर लावणे वेगळे आणि टक्केवारी बरोबर सांगणे वेगळे. त्याच पडताळणीत मॉडेलने ३४ टक्के स्वावलंबी होतील असे सांगितले, प्रत्यक्षात ४१ टक्के झाले. जगण्याच्या बाबतीत अंदाज ७५ टक्के होता, प्रत्यक्षात ७२ टक्के जगले. त्यानंतर मॉडेल सुधारून वापरासाठी दिले गेले, पण धडा घ्यायलाच हवा: स्वतःच्या रुग्णालयातली आकडेवारी ताडून न पाहता टक्केवारी जशीच्या तशी नातेवाइकांसमोर ठेवू नये.

सर्वांत जास्त भिस्त २४ तासांनंतरच्या एनआयएचएसएसवर आहे, आणि घोटाळाही तिथेच होतो. गुण ० ते ४२, जितका जास्त तितका पक्षाघात तीव्र. रुग्ण भूल किंवा झोपेच्या औषधाखाली असेल, श्वासासाठी नळी घातलेली असेल, तर गुण फुगतो आणि अंदाज विनाकारण काळवंडतो. औषध थांबवून, त्याचा अंमल उतरल्यावर तपासणी करावी. ते शक्य नसेल तर आकडा काढूच नये. ताप, साखर घसरणे, फिट येणे यांनीही गुण तात्पुरता चढतो, तेव्हा आधी ही कारणे शोधावीत. शिवाय ही मोजपट्टी भाषेकडे झुकलेली आहे. उजव्या मेंदूच्या पक्षाघातात डाव्या बाजूचे भान हरपते, त्याला फार थोडे गुण मिळतात, आणि त्यामुळे नुकसान प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते.

कोलॅटरलचा गुण ० ते ३ असतो आणि तो सीटी अँजिओग्राफीवरून (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनवरून) काढतात. एकाच टप्प्याचे चित्र फार लवकर टिपले गेले तर उशिरा भरणाऱ्या वाहिन्या दिसतच नाहीत आणि गुण कमी पडतो. वाहिनी उघडल्याची श्रेणी शक्यतो गुठळी काढणाऱ्याखेरीज दुसऱ्याने द्यावी. काढणाऱ्याचा कल वरची श्रेणी देण्याकडे असतो. ५० टक्क्यांहून थोडा जास्त भाग पुन्हा रक्ताने भरला तरी २बी (० ते ३ या मोजपट्टीवरची एक श्रेणी) आणि जवळपास ९० टक्के भरला तरी २बीच, इतकी ती श्रेणी ऐसपैस आहे.

कुणासाठी वापरू नये, हेही स्पष्ट हवे. हर्मिसमधले रुग्ण मेंदूच्या पुढच्या भागातल्या मोठ्या वाहिन्यांचे होते. त्यामुळे मेंदूच्या मागच्या बाजूच्या बेसिलर धमनीच्या पक्षाघातात हे कॅल्क्युलेटर उघडू नये. आधीपासून परावलंबी असलेले लोक त्या चाचण्यांत फार थोडे होते, म्हणून त्यांच्याबाबतचा अंदाज कच्चा समजावा. मेंदूचा खूप मोठा भाग आधीच मृत झाला आहे अशा रुग्णांवरच्या चाचण्या तर बहुतांशी हर्मिसनंतर झाल्या, म्हणून त्यांच्याबाबतही जपून.

सर्वांत मोठा धोका गणिताबाहेर आहे. स्वावलंबनाची शक्यता १० टक्के आली म्हणून फिजिओथेरपी ढिली पडली, गिळण्याची तपासणी लांबली, किंवा उपचार थांबवण्याची बोलणी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली, तर अंदाज स्वतःच स्वतःला खरा ठरवतो. काही रुग्ण पहिल्या दिवशी जागचे हलत नाहीत आणि पुढच्या आठवड्यांत सुधारतात. म्हणून हा आकडा पुनर्वसनाची आखणी, घरी लागणारी मदत आणि नातेवाइकांशी संवाद यांसाठी घ्यावा, उपचार बंद करण्यासाठी नाही. नातेवाइकांना सांगताना ‘१०० अशा रुग्णांपैकी इतके’ असे सांगावे आणि सोबत न्यूमोनिया, पुन्हा पक्षाघात, खोलवरच्या शिरेत गुठळी यांचाही उल्लेख करावा. २४ तासांनंतर जे घडते, त्यातले काहीच या मॉडेलला ठाऊक नसते.