सिडकोतली कांजीची बॅच केली, लई भारी अनुभव

आमच्या संभाजीनगरात सिडकोत एक ताई रविवारी ब्रशने कांजी, म्हणजे जपानी लिहिण्यात वापरतात ती चिनी अक्षरं, शिकवतात, दोन महिने झाले मी जायलो, म्हणून लिहितो. पहिलं अक्षर दिलं पाण्याचं, मिझु. रेघा फक्त 4. आधी मधली उभी, खाली आली की डावीकडं छोटा हूक, मग डावी बाजू आन शेवटी उजवीकडच्या दोन. सोप्पं वाटतं, पण ब्रश उभा धरायचा, कोपर टेबलाला टेकवायचं नाही, आन रेघ कुठं थांबवायची (तोमे), कुठं झटका द्यायचा (हाने), कुठं हलक्या हातानं सोडून द्यायची (हाराइ) हे हाताला कळेपर्यंत माझे तीन रविवार गेले. आमचे आजोबा बोरूनं कित्ता गिरवायचे तेच आठवत होतं सारखं.

पुढचं अक्षर एइ, म्हणजे कायमचं, चिरंतन. दिसायला पाण्यावर टिंब ठेवल्यासारखं, 5च रेघा, पण ब्रशची 8 मूळ वळणं त्यात येतात म्हणून सरावाला हेच देतात. मूळ चित्र फाटे फुटत वाहणाऱ्या नदीचं. त्याच्या डावीकडं पाण्याचे तीन थेंब मांडले की झालं पोहणं! टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे किती भिडतं काय सांगू.

एकच तक्रार, कागद साधा देतात, शाई फुटते. मी जपानी हान्शी कागद मागवला, फरक लगेच दिसला. फी 1200 महिना, बॅचमध्ये सहाच जण, ताई प्रत्येकाचा हात धरून दाखवतात. पुढच्या महिन्याचे पैसे भरले पण मी.