मोटर जळालेली नव्हती: बोटीतलं इलेक्ट्रिक टॉयलेट, एक हंगाम वापरल्यावर

"मोटर जळाली, नवीन बसवावी लागेल, १८,००० रुपये." सर्व्हिसवाल्यानं एक स्क्रूही न खोलता हा निकाल दिला. मोटर जळालेली नव्हती.

बोट तारकर्लीला असते, मेहुणे बघतात. बारा व्होल्टचं, मॅसरेटरवालं (म्हणजे घाण कटरनं बारीक करून पुढं ढकलणारं) टॉयलेट गेल्या दिवाळीआधी बसवलं. हंगामभर तक्रारीला जागा नव्हती. आमच्याकडं कोल्हापूरची घरंच्या घरं येतात, आजी-आजोबांसकट. त्यांना हातपंप मारत बसावं लागत नाही, हे फार मोठं सुख आहे. आवाज मात्र मिक्सरसारखा, रात्री अख्ख्या बोटीला कळतो.

पावसाळ्यात बोट वर काढली. गणपतीनंतर पाण्यात उतरवून बटण दाबलं, तर नुसतं 'टक्' आणि फ्यूज गेला. नवीन घातला, तोही गेला.

इथं थांबायचं. बटण दाबून धरू नका. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि मग ती खरोखरच जळते. फ्यूज उडतोय म्हणजे बहुतेक वेळा वीज मोटरपर्यंत पोचतेय आणि आत काहीतरी अडकलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. मोटरच्या मागच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं रबरी बूच आहे. ते काढलं की शाफ्टच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला खाच दिसते. बॅटरीचं कनेक्शन काढा, समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा, जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेत घाला आणि थोडं इकडं, थोडं तिकडं हलवत राहा. एकाच बाजूला जोर लावायचा नाही. आमची मोटर आधी तसूभर हलेना. मग आत काहीतरी कटकन तुटल्यासारखं झालं आणि शाफ्ट फिरला. ज्यानं ही खाच ठेवली त्याला मानलं. पण मॅन्युअलमध्ये तिच्याबद्दल एक ओळ नाही आणि सर्व्हिसवाल्याला तिचा पत्ता नाही, याचा संताप अजून गेलेला नाही. १८,००० रुपये या बुचाखाली वाचले!

फिरली तरी भरवसा नको म्हणून पंप काढून फोंडा घाटानं वर आणला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिला. मिस्त्रींनी समोर बसवून खोललं. कटरच्या पात्यामागं पिवळट पांढरा थर, नखानं निघेना. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की हा थर धरतो आणि बोट बंद असताना वाळून दगड होतो. ऑईल सीलही झिजलेलं, खारं पाणी बेअरिंगपर्यंत गेलेलं. शाफ्ट पॉलिश, नवीन बेअरिंग, नवीन सील, मजुरीसकट ९५० रुपये. विषयच संपला.

तोवर माझा सगळा राग कंपनीवर होता. मिस्त्रींनी वायरची जाडी विचारली तेव्हा तो निम्मा बसवणाऱ्याकडं वळला. त्यानं अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. बॅटरी सहा मीटरवर, जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. वीस अँपिअरला यातच दीड व्होल्टच्या वर खर्ची पडतात. मोटरला पुरता जोर मिळत नाही आणि जरासा थर धरला तरी ती अडते. दहा स्क्वेअरची टाकली, आता तूट अर्ध्या व्होल्टच्या आत. आवाजसुद्धा बदलला, सुरुवातच दणक्यात होते.

बोट वर काढायच्या आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुवायचं आणि पांढरं व्हिनेगर रात्रभर आत ठेवायचं. संडास साफ करायचं ॲसिड नको, रबर खातं. सीलला सिलिकॉन ग्रीस. ओले टिश्यू आत टाकू न देणं हे मेहुण्यांचं काम, ते दारावरच पाटी लावून करतात.

वस्तू म्हणून पाचपैकी चार. एक गुण कापला तो सीलपायी. कंपनी ते सुटं विकत नाही, अख्खा पंप घ्या म्हणते. उद्यमनगरात माप सांगितलं की तेच सील साध्या दुकानात मिळतं. जादाचं एक आणून बोटीतल्या डब्यात ठेवलंय, सोबत तो जाड पात्याचा स्क्रूड्रायव्हर.